सात किलोमीटरसाठी डिझेल पिकअप

बोट घेतली तेव्हा ती ओढायची कशानं हे नंतर बघू म्हणून ठेवलं होतं आणि ते 'नंतर' चार महिने चाललं. घरापासून रॅम्प, म्हणजे बोट पाण्यात सोडायचा उतार, मोजून सात किलोमीटर. सात जायचे, सात यायचे. एवढ्याशा अंतराला गाडी निवडायला काय अक्कल लागते, जी जास्त ताकदीची ती घ्यायची, असं मला वाटायचं, आणि ज्याला ज्याला विचारलं त्यानंही हेच सांगितलं. डिझेल घे, टॉर्क (इंजिनाचा चाक फिरवायचा जोर) बघ, विषय संपला. तो काही संपला नाही म्हणून हे लिहायला बसलोय.

आधीची बोट चार मीटरची, ॲल्युमिनियमची. माझी छोटी पेट्रोल गाडी तिला हसत हसत ओढायची, ट्रेलरला ब्रेकसुद्धा नव्हते. नवीन म्हणजे सहा मीटरची फायबरग्लासची, मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. विकणाऱ्यानं सांगितलं नऊशे किलो. मी ते खरं मानून दोन महिने हिशोब करत बसलो आणि मग एकदा मित्राची डिझेल पिकअप मागून आणली आणि ट्रेलर सरळ वजनकाट्यावर नेला, पिकअप सोडवली, ट्रेलर एकटाच पुढच्या छोट्या चाकावर टेकवून काट्यावर उभा केला. आकडा आला १,८६० किलो. मला वाटलं काटा बिघडलाय. काटेवाला म्हणाला बोटवाले सगळे असंच म्हणतात.

बसून मांडलं तर सगळं बरोबर होतं. नऊशे किलो म्हणजे नुसतं रिकामं खोकं, वर इंजिन नाही, तेल नाही, काही नाही. इंजिन एकटंच १७० च्या आसपास. पेट्रोलची टाकी १२० लिटरची, पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरा म्हणजे ९० किलो. दोन बॅटऱ्या, नांगर आणि त्याची साखळी, जॅकेटं, गळ, टूलबॉक्स, शिवाय कुठल्यातरी कप्प्यात साठलेलं कधीकाळचं पाणी. आणि ट्रेलर स्वतः ४८० किलोचा, तो तर कोणी मोजतच नाही. सांगायचं एवढंच की कोणाच्या तोंडी आकड्यावर गाडी घेऊ नका, काट्यावर जा, अर्ध्या तासाचं काम आहे. युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, म्हणजे तो प्रश्न माझ्यापुरता तिथंच मिटला, ब्रेकवाला ट्रेलर आधीच होता नशिबानं.

त्याच दिवशी हिचवर, म्हणजे गाडीच्या ज्या आकड्याला ट्रेलर जोडतात त्यावर, पडणारं वजन पण मोजलं, घरातला माणसं मोजायचा काटा घेतला, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा केला आणि ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवलं. ११० किलो आलं, म्हणजे एकूण वजनाच्या सहा टक्के. बोटीच्या ट्रेलरला साधारण पाच ते दहा टक्क्यांत ठेवायचं म्हणतात, फार कमी झालं तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि एकदा हलायला लागला की घाम फुटतो. मी एक बॅटरी आणि नांगर पुढे सरकवून ते थोडं वाढवलं. बाथरूमचा काटा त्यानंतर कायमचा पाच किलो जास्त दाखवतो, घरात त्यावरून अजून ऐकून घेतोय.

मग शोरूमच्या फेऱ्या. आजकाल जवळपास प्रत्येक मध्यम पिकअपवर ३,५०० किलो ओढायची क्षमता लिहिलेली असते, त्यामुळे दोन टनांच्या बोटीला सगळ्याच चालतात आणि निवडायला आधारच राहत नाही. टॉर्कचे आकडे तरी काय, टोयोटा हायलक्सचं २.८ लिटर ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर आणि मॅन्युअलमध्ये ४२०, इसुझू डीमॅक्सचं ३ लिटर ४५०, फोर्ड रेंजरचं तर २ लिटरचं इंजिन दोन टर्बो लावून ५०० देतं. अमेरिकन मोठ्या ट्रकांचं बघितलं तर डोळे फिरतात, रॅममधल्या ६.७ लिटरच्या कमिन्सनं २०१९ मध्ये हजार पाउंड फुटाचा आकडा गाठला, म्हणजे साडेतेराशे न्यूटन मीटर. सात किलोमीटरला ते घेणं म्हणजे भिंतीला फोटो लावायला क्रेन बोलावणं.

आणि त्या ३,५०० च्या मागे एक बारीक अक्षरातली गंमत असते. गाडी आणि ट्रेलर मिळून किती, याची वेगळी मर्यादा असते. समजा गाडी पूर्ण भरून ३,०५० किलोपर्यंत चालते आणि ट्रेलर ३,५०० चालतो, तर बेरीज ६,५५० होते, पण एकत्रित मर्यादा ५,८५० लिहिलेली असते. म्हणजे मागे सामान भरलं, चार माणसं बसवली की ट्रेलर आपोआप २,८०० वर येतो. दोन्ही आकडे खरे, फक्त एकाच वेळी खरे नाहीत. मला दोन टनच ओढायचे होते म्हणून फरक पडला नाही, पण ज्याची बोट तीन टनांची आहे त्यानं हे वाचल्याशिवाय सही करू नये.

आता रॅम्पचं सांगतो, कारण मला वाटत होतं खरा कस तिथंच लागणार. रस्त्यावर सात किलोमीटर कोणीही ओढेल, पाण्यातून वर काढताना कळतं. अमेरिकेत ओढायची क्षमता ठरवायला एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा १८ किलोमीटरचा चढ कडक उन्हात एसी फुल ठेवून चढवतात, तो सगळ्यांना माहीत असतो. पण त्यातच एक छोटी परीक्षा आहे जी आपल्या कामाची, १२ टक्के चढावर थांबलेल्या गाडीनं ट्रेलरसकट पाच मिनिटांत पाच वेळा निघून दाखवायचं, पुढेही आणि रिव्हर्समध्येही. बोटीचे रॅम्प साधारण १२ ते १५ टक्क्यांचेच असतात. म्हणजे आपली रोजची परीक्षा तीच.

मित्र तेव्हा दीड महिना बाहेर जाणार होता, म्हणाला घेऊन जा पिकअप, चालवून बघ, नाहीतरी पडूनच राहणार. पहिल्याच शनिवारी ओहोटीला पोचलो. जायला काही झालं नाही, बोट पाण्यात सोडली, फिरून आलो तोवर पाणी आणखी खाली गेलेलं. ट्रेलर बोटीखाली घ्यायला मागे मागे जात राहिलो आणि पिकअपची मागची चाकं हिरव्या पट्ट्यावर आली. बोट विंचनं ओढून ट्रेलरवर बसवली, गाडी ड्राइव्हमध्ये टाकली, ॲक्सिलेटर दिला. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, शेवाळाचा हिरवा चिखल दोन्ही बाजूंना उडाला, रबराचा वास, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी वीतभर मागे सरकली. वीतभरच, पण मागे पाणी आणि पाण्यात बोट म्हटल्यावर ती वीत फार मोठी वाटते. बाजूला गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं मान न वळवताच विचारलं, "फोर बाय फोर लावलं का रे बाळा?" लावलं नव्हतं. लो रेंज लावली, म्हणजे चारही चाकांना जोर आणि गिअर हळू पण दणकट, पाय जवळजवळ सोडूनच दिला आणि गाडी काही झालंच नाही अशी वर आली.

घरी येऊन कागदावर मांडलं. गाडी आणि ट्रेलर मिळून चार टन, आठास एक असा उतार, म्हणजे वर ओढायला लागणारा जोर ५०० किलोच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये आजची कुठलीही डिझेल पिकअप याच्या तिप्पट जोर चाकापर्यंत पोचवते, त्यामुळे ताकद कमी पडायचा प्रश्नच नव्हता. मागच्या चाकांवर वजन होतं टनभर, ओल्या शेवाळावर पकड त्याच्या पाचव्या हिश्श्याची धरली तरी २०० किलो. पाचशे हवेत, दोनशेच जमिनीत जातायत. पुढची चाकं मात्र वर कोरड्या काँक्रीटवर होती, त्यांच्यावर इंजिनामुळे बाराशे किलो, आणि ती नुसती सोबतीला आलेली. माझं महिनाभर टॉर्कच्या कोष्टकात डोकं घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या दिवशी फोर बाय फोर आणि लो रेंज हे यादीत सगळ्यात वर गेलं आणि टॉर्कचा कॉलम मी काढूनच टाकला.

गिअरबॉक्सचंही तिथंच ठरलं. एक मॅन्युअल चालवून बघितली होती, रिव्हर्समध्ये चढावर ट्रेलर ढकलताना हाफ क्लचवर अर्धा मिनिट गेला आणि केबिनमध्ये तो ओळखीचा जळका वास. साधं टॉर्क कन्व्हर्टरवालं (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारं) ऑटोमॅटिक रॅम्पवर इंचाइंचानं सरकतं, ब्रेकवरचा पाय फक्त हलका करायचा.

इथपर्यंत मला वाटत होतं झालं, कळलं सगळं. मग तिसऱ्या आठवड्यात नवीनच काहीतरी सुरू झालं.

बोट घेऊन रॅम्पजवळ आलो तेव्हा लक्षात आलं की गाडी उभी असताना इंजिन जरा जास्तच फिरतंय, एरवी साडेसातशेला असणारा काटा हजारला, पुढचा पंखा घों करून चाललेला, आणि खालून इस्त्री फार वेळ कपड्यावर ठेवल्यासारखा गरम वास. मला वाटलं ओढून तापली असेल. बोट सोडली, गाडी पार्क केली, बंद केली. बंद केल्यावरही पंखा चालूच. परत येताना काही नाही. दोन दिवसांनी दुकानापर्यंत गेलो, चार किलोमीटर, तिथं परत तेच. पुढच्या शनिवारी रॅम्पवर परत, आणि मी प्रत्येक वेळी पोचलो की गाडी बंद करत होतो. त्यानंतर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, एका डब्यात ठिपके ठिपके असं चित्र.

मित्राला न सांगता आधी गाडीचं मॅन्युअल पुस्तक उघडलं. डीपीएफ. म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली काजळीची चाळणी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची. अमेरिकेत २००७ पासून, युरोपात युरो ५ च्या धुराच्या नियमांबरोबर २००९ ते ११ मध्ये, भारतात एप्रिल २०२० च्या बीएस ६ नंतर, आता नवीन डिझेल घ्यायचं तर हे आलंच. चाळणी भरत आली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते, त्याला रिजन म्हणतात. काजळी जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं आणि ते आणायला इंजिन सिलिंडरमध्ये उशिरा, एक्झॉस्टच्या वेळेला जास्तीचं डिझेल सोडतं, ते पुढे जाऊन कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि चाळणी तापते. याला सलग दहा-वीस मिनिटं लागतात. मी तीन वेळा ते मधेच तोडलं होतं. सात किलोमीटर म्हणजे बारा मिनिटं, त्यातली पहिली सहा-सात इंजिन कोमट व्हायलाच जातात, डिझेल तसंही सावकाश तापतं. रिजन सुरू व्हायला आणि मी पोचायला एकच गाठ पडायची.

लोक म्हणतात बोट ओढली की लोड पडतो, एक्झॉस्ट तापतो, चाळणी आपोआप साफ होते. अर्धं खरं आहे. लोडवर तीनशे-साडेतीनशे डिग्रीला नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काजळी हळूहळू जळत राहते, पण त्यासाठी तासभर ओढायला हवं. शंभर किलोमीटरवर बोट नेणाऱ्याला हा त्रास कधीच कळणार नाही. आपण ओढतो पाच मिनिटं गरम आणि मग गाडी पाण्याकडे पाठ करून पाच तास उभी. आणि त्या अवस्थेत ती वाळलेल्या गवतावर उभी करू नये हेही मला तेव्हा कळलं, खालून पाइप किती तापलेला असतो ते हात जवळ नेलात की समजतं.

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं तसं रात्री हायवेवर नेली, एकटाच, मागे काही नाही, दोन हजारच्या वर इंजिन ठेवून पंचवीस किलोमीटर सरळ. अठराव्या मिनिटाला दिवा गेला. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज डिपस्टिक काढली तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या नखभर वर. ऑइल कमी झालेलं ऐकलं होतं, वाढलेलं कधी नाही. बोटावर घेऊन वास घेतला तर डिझेल. ते उशिरा सोडलेलं डिझेल सगळंच पुढे जात नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि रिजन अर्धवट राहून पुन्हा पुन्हा सुरू झालं की ते साठत जातं. ऑइल पातळ होतं म्हणजे बेअरिंगांची आणि टर्बोची वाट. मित्र यायच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदलून ठेवला, कमी राखेचं जे लागतं तेच बघून घातलं, कारण ऑइल जळून झालेली राख रिजनमध्ये जात नाही, ती चाळणीत कायमचीच.

पण हे मित्राच्या हातात आधी कधीच झालं नव्हतं. तीन वर्षं गाडी त्याच्याकडे, दिवा एकदाही नाही. मग माझ्याकडे तीन आठवड्यांत कसं? तर सांगायला लाज वाटते पण मी सभ्यपणा करत होतो. आठवड्यातून दोन दिवस मला कामाला ५५ किलोमीटर लांब जावं लागतं, एकाच बाजूनं. म्हटलं दुसऱ्याच्या गाडीवर उगाच किलोमीटर कशाला चढवा, तर तिकडे मी माझ्या छोट्या गाडीनं जायचो आणि पिकअप फक्त दुकान, जवळची कामं आणि रॅम्प. जपून जपून वापरली आणि जपण्यानंच तुंबवली. उलट केलं असतं, लांबच्या कामाला ती आणि दुकानाला माझी, तर त्या पिकअपला कळलंसुद्धा नसतं.

इथं माझं सगळं चित्रच फिरलं. मी बोटीच्या वजनावर गाडी निवडत होतो. वर्षात मी रॅम्पवर जाणार तीस वेळा, म्हणजे ४२० किलोमीटर. उरलेले तीनशे पस्तीस दिवस ती गाडी काय करणार यावर ठरायला हवं होतं.

मग पेट्रोलचा विचार नीट केला, आधी तो हसण्यावारी नेला होता. हिशोब असा की डिझेल ओढताना शंभर किलोमीटरला १४ लिटर खातं असं धरा आणि पेट्रोल २०, फरक सहा लिटरचा, ४२० किलोमीटरला पंचवीस लिटर. वर्षाला पंचवीस! माझ्या बोटीच्या टाकीचा पाचवा हिस्सा, एका सकाळीत ती तेवढं पिते. म्हणजे 'ओढायला डिझेल परवडतं' हे सात किलोमीटरवाल्याला लागूच नाही. पेट्रोल लवकर तापतं, डिझेलचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरावा लागणारा युरिया नाही, सकाळच्या चार किलोमीटरचं त्याला काही वाटत नाही. ज्याची गाडी बोट आणि बाजार सोडून कुठे जातच नाही त्यानं मी तरी म्हणेन सरळ पेट्रोल बघावी, मिळाली तर, कारण पुरेशा ताकदीच्या पेट्रोल पिकअप बऱ्याच बाजारांत फार थोड्या असतात. माझं हायवेचं आठवड्याला २२० किलोमीटर ठरलेलं होतं, म्हणून मी डिझेलवर राहिलो, पण यावेळी कारण वेगळं होतं.

जुनी डीपीएफ नसलेली घे असंही सांगणारे होते. एक मेकॅनिक तर म्हणाला नवीन घे आणि ती चाळणी आतून पोकळ करून देतो, सॉफ्टवेअरमधूनही काढतो, कटकटच नको. ते बेकायदा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे बोट घेऊन जिथं स्वच्छ हवेला जायचं तिथं मागे काळा धूर सोडत जायचं हे मला जमलं नसतं. जुनीच्या बाबतीत मात्र मन डळमळलं होतं, खरं सांगतो, साधं इंजिन, साधी वायरिंग. पण लांबच्या कामाला दर आठवड्याला वापरायचं तर नवीन गाडीचे ब्रेक आणि एअरबॅग सोडवेनात.

शोरूममध्ये परत गेलो तेव्हा प्रश्न बदललेले होते. डीपीएफ किती भरलाय ते टक्क्यांत दिसतं का, का थेट दिवाच? उभ्या गाडीत रिजन करायचं बटण आहे का? आणि रिजनचं डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात का एक्झॉस्टच्या पाइपवर वेगळं इंजेक्टर आहे? वेगळं असलं तर ऑइलमध्ये डिझेल उतरायचा प्रकार फार कमी होतो. एका सेल्समननं टॉर्कबद्दल वीस मिनिटं सांगितलं होतं, तो तिसऱ्या प्रश्नाला म्हणाला, "सर, हे पहिल्यांदाच कोणी विचारतंय." मग सर्व्हिसमधल्या एकाला बोलावून आणलं, त्यानं हात पुसत पुसत दोन मिनिटांत सगळं सांगितलं. पुढच्या वेळी मी थेट त्यालाच गाठणार.

युरियाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यानं मला तरी त्रास दिला नाही. ॲडब्लू म्हणजे पाण्यात ३२.५ टक्के युरिया, उणे ११ ला गोठतो, उन्हात वर्षभर ठेवला तर खराब होतो, सांडला की पांढरे खडे धरतात. कमी चालणाऱ्या गाडीत तो संपत नाही, नुसता जुना होत राहतो, त्यामुळे डबे भरून साठवू नका. आणि टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, बऱ्याच गाड्या मग एकदा बंद केल्यावर परत चालूच होत नाहीत, आणि आपण गाडी बंद करतो कुठे, तर रॅम्पवर.

शेवटी नवीन घेतलीच नाही. तीन वर्षं जुन्या, एकाच मॉडेलच्या दोन पिकअप समोर आल्या, ३ लिटर, एकच टर्बो, ऑटोमॅटिक, लो रेंज, मागे डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप), ज्या मला हव्या होत्या त्याच. एक २८ हजार किलोमीटर चाललेली, चकचकीत, मुलांना शाळेत सोडायला आणि कधीमधी बोटीला. दुसरी एक लाख दहा हजार, बोनेटवर दगडांचे टिपके, सीटचा कोपरा झिजलेला, मालक सतत दौऱ्यावर. घरच्यांपासून सगळ्यांनी पहिलीवर बोट ठेवलं, विचारायलाच नको असं होतं. मी गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा एक स्कॅनर घेऊन गेलो होतो, तो लावला. पहिलीत दोन रिजनमधलं सरासरी अंतर १४० किलोमीटर, दुसरीत ४८०. म्हणजे पहिली बिचारी दर पाच-सहा दिवसांनी चाळणी जाळत होती आणि मधेच बंद होत होती, मी मित्राच्या गाडीचं दीड महिना केलं ते तिचं तीन वर्षं झालेलं. मग टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलवर गंजाचे पापुद्रे, बोटानं सोलले तर निघाले, ब्रेकच्या पाइपला मिठाचा पांढरा थर, मागची चाकं खाऱ्या पाण्यात घालून न धुता ठेवलेली. दुसरीच्या खाली नुसती धूळ.

लाखवाली घेतली. दोन महिने घरात "एवढी चाललेली कशाला" हे ऐकून घेतलं.

आता वर्ष होऊन गेलं. छोटी पेट्रोल गाडी विकली नाही, दुकान, शाळा, जवळचं सगळं तिच्यावर, पिकअपला चार किलोमीटरच्या कामाला हातच लावत नाही. कामाचे दोन दिवस ती, आणि शनिवारी बोट. शुक्रवारी कामावरून येताना डीपीएफचा टक्का बघतो, सत्तरच्या वर असला की एक वळण सोडून पुढच्या बाहेर पडायच्या रस्त्यानं येतो, तेवढ्यात रिजन सुरू होऊन संपतं. चौदा महिन्यांत दिवा एकदाही नाही, डिपस्टिक दर महिन्याला बघतो, खुणेच्या खालीच.

रॅम्पवर मात्र चुका केल्याच. एकदा फोर बाय फोर लावलेलं काढायला विसरलो आणि कोरड्या पार्किंगमध्ये वळायला गेलो तर गाडी धक्के देत अडखळायला लागली, टायर किंचाळले, मला वाटलं गिअरबॉक्स गेला. पार्टटाइम फोर बाय फोरला मधे डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसतं, कोरड्यावर वळताना पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात, सरळ मागे घेतली तसं सुटलं. आणखी एकदा ट्रेलरच्या लाइटचा प्लग न काढता पाण्यात घातला, दोन बल्ब आणि फ्यूज. चाकांचे हब सात किलोमीटरनंही कोमट होतात, तसेच गार पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, म्हणून पोचल्यावर मी आधी पट्टे सोडणं, बोटीच्या तळाचं बूच लावणं ही कामं करतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी ट्रेलर उतरवतो. बोटीचं बूच, हो. ते एकदा राहिलं होतं, त्यावर मी इथं काही लिहिणार नाही. उतारावर थांबताना आधी हँडब्रेक, ब्रेकवरचा पाय सोडून गाडी त्यावर बसू द्यायची, मग पार्क, आणि चाकाखाली ठोकळा. नाहीतर चार टन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर लटकतात, निघताना जो खाडकन आवाज येतो तो तिचाच.

गेल्या महिन्यात मित्राचा फोन, त्याची पिकअप कामाला लागलीये, माझी दोन दिवस मिळेल का, जवळच काहीतरी सामान हलवायचंय, काळजी करू नको म्हणाला, फार चालवणार नाही. मी चावी दिली आणि म्हटलं, चालव. शंभर किलोमीटरच्या आत परत आणलीस तर ऑइल तू बदलायचं.